७७ दिवसांत महाराष्ट्राने तीन आवाज गमावले. त्यातला तिसरा कुणाचा होता?

१३ जून १९६९ ला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले.

तारखा मोजल्या तर पहिल्या बातमीपासून तिसऱ्या बातमीपर्यंत बरोबर ७७ दिवस होतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांचा आवाज मैदानं भरवत होता, ती तीन माणसं एकाच पावसाळ्यात संपली.

यातली पहिली दोन नावं तुम्हाला माहिती आहेत. अत्रे शाळेच्या पुस्तकात भेटतात, त्यांचे किस्से आजही फॉरवर्ड होतात. अण्णाभाऊंची जयंती १ ऑगस्टला नांदेड-लातूरसह गावोगावी वाजतगाजत साजरी होते. तिसऱ्या नावाचं काय? अमर शेख कोण होते, असं विचारलं तर बरेच जण मलिका अमर शेख यांचं नाव घेतात आणि त्यांचे वडील एवढं सांगून थांबतात.

खरं तर अण्णाभाऊ आणि अमर शेख एकाच कलापथकातले. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने ते हजारोंच्या गर्दीपर्यंत पोहोचवायचं. त्या कलापथकाचं नाव होतं लाल बावटा. एका गाणाऱ्या टोळीची आणि तिच्या सगळ्यात बुलंद आवाजाची ही गोष्ट.

सुरुवात बार्शीतून

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा. गाव बार्शी, जिल्हा सोलापूर. पाळण्यातलं नाव मेहबूब.

बार्शी म्हणजे भगवंताच्या मंदिराचं गाव आणि बाजारपेठेचं गाव. इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या अगदी काठावर होतं. गावाची हद्द ओलांडून थोडं पूर्वेला गेलं की निजामाचं राज्य सुरू व्हायचं. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ पासून थेट लातूरपर्यंत जायची, त्यामुळे मराठवाड्याचा माल आणि मराठवाड्याची माणसं यांची बार्शीत कायम ये-जा. मराठी, दख्खनी, हिंदी अशा सगळ्या बोली एकाच बाजारात ऐकू यायच्या. मेहबूबचे कान तिथे तयार झाले.

घरची गरिबी होती. पण घरात गाणं होतं. आई मुनेरबी यांच्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा आणि लोकगीतांचा मोठा साठा होता. कुठल्याही उस्तादाकडे किंवा गायन क्लासला न जाता मेहबूबला गाणं मिळालं ते आईकडून. मुस्लिम घरातली आई मराठी ओव्या म्हणते यात आपल्याकडे कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. जातं सगळ्यांच्याच घरी होतं.

पोटासाठी मेहबूबने मिळेल ते काम केलं. बसवर क्लीनर म्हणून राबला, मग गिरणीत लागला. गिरणीत पगार कमी आणि तास जास्त, त्यामुळे संप व्हायचे. संपात पुढे उभं राहून बोलणारी पोरं लागायची, आणि या पोराचा आवाज तर सगळ्या गेटवर ऐकू जायचा. कामगार त्याच्यामागे उभे राहिले. पुढे चळवळीत तुरुंगवास झाला आणि त्याला विसापूरच्या तुरुंगात धाडण्यात आलं.

नगर जिल्ह्यातल्या या तुरुंगात स्वातंत्र्य चळवळीतले बरेच कैदी होते. तिथे त्याची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली आणि मेहबूबच्या डोक्यातल्या रागाला एक विचार मिळाला. पगार, भूक, सावकार आणि इंग्रज हे सगळे एकाच साखळीचे दुवे आहेत, असं सांगणारा तो विचार होता. तुरुंगातून बाहेर पडलेला तरुण कम्युनिस्ट चळवळीकडे वळला.

मेहबूबचा अमर कसा झाला?

तुरुंगानंतरचा एक टप्पा कोल्हापूरचा आहे. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाची राजधानी. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्याला काम मिळालं. हे तेच मास्टर विनायक, ज्यांच्या कंपनीत लता मंगेशकरांनीही सुरुवातीचे दिवस काढले.

तिथेच मेहबूबला नवं नाव मिळालं, अमर शेख. सिनेमाच्या दुनियेत मिळालेलं हे नाव पुढे सिनेमापेक्षा मोर्चात जास्त गाजलं.

स्टुडिओत थांबला असता तर कदाचित नट म्हणून बरं चाललं असतं. पण त्याला मुंबई आणि गिरणगाव खुणावत होतं. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर लालबाग-परळच्या चाळींमध्ये लाल बावट्याची चांगलीच पकड बसली होती. तिथे सभा रोज होत होत्या आणि सभांना गाणारे हवे होते.

तिघांची टोळी

साल १९४४. तीन माणसं एकत्र आली आणि लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

पहिले अण्णाभाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. वडिलांबरोबर चालत मुंबई गाठलेली, शाळेत दीड दिवस गेलेले, पडेल ती मजुरी केलेले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून लिहिणारे.

दुसरे द. ना. गवाणकर. शाहिरीत मुरलेले आणि रंगमंचावर भक्कम उभे राहणारे.

तिसरे अमर शेख. डफावर थाप मारून पहिला सूर लावला की गर्दीतली कुजबुज बंद पाडणारे.

आता हे कलापथक करायचं काय, ते समजून घ्यायला हवं. कारण आज कलापथक म्हटलं की सरकारी योजनांची जाहिरात करणारी गाडी डोळ्यांसमोर येते.

लाल बावटाने मूळ साचा घेतला तमाशाचा. तमाशात आधी गण होतो, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण, त्यात कृष्ण आणि गौळणींची छेडछाड. मग बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य नाट्य. लोकांना हा साचा पाठ होता. अण्णाभाऊंनी त्याचा सांगाडा ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन सुरू झालं. गवळण जवळपास गेलीच. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, शेतकरी, निवडणुकीला उभा राहिलेला शेठ आणि काळाबाजारवाला आला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्या काळातली त्यांची वगनाट्यं.

त्याच्या जोडीला पोवाडे. पोवाडा म्हणजे पराक्रमाचं गाणं, एवढंच आपल्याला माहिती असतं. अफजलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ चा. लाल बावटाने पोवाड्यात नवे नायक आणले. हिटलरच्या फौजेला अडवणारं स्टालिनग्राड, दुष्काळात मरणारा बंगाल, निजाम आणि देशमुखांविरुद्ध उठलेला तेलंगणा. जगाची बातमी डफ-तुणतुण्यावर बसवून चाळीच्या चौकात आणली.

यात गंमत वाटेल, पण त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. म्हणजे दहातल्या आठ माणसांसाठी वर्तमानपत्र हा रद्दीचा कागद होता. रेडिओ सरकारचा आणि तोही श्रीमंतांच्या घरात. अशा वेळी गाणं हेच वर्तमानपत्र. ते छापावं लागत नाही आणि विकतही घ्यावं लागत नाही. ऐकलेला माणूस घरी जाताना ते सोबत घेऊन जातो.

लिहिणारा आणि गाणारा

कलापथकात कामाची सरळ वाटणी नव्हती. सगळेच थोडंफार लिहायचे, सगळेच गायचे, सगळेच भूमिका करायचे आणि सतरंज्याही उचलायचे. पण प्रत्येकाची ताकद वेगळी होती.

अण्णाभाऊंची ताकद शब्दांत होती. अमर शेख यांची ताकद आवाजात. शहरातल्या मोठ्या सभेला लाऊडस्पीकर असायचा, पण गावच्या पारावर किंवा गिरणीच्या गेटवर तो असेलच असं नाही. मोठ्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द स्पष्ट पोहोचवायचा, तोही सूर न सोडता, हे कसब फार थोड्यांकडे असतं. अमर शेख यांचा आवाज उंच पट्टीत जायचा आणि तिथे टिकायचा. त्याला लोक पहाडी आवाज म्हणायचे.

सभेत याचा उपयोग कसा व्हायचा? आधी शाहीर उभा राहायचा. इकडेतिकडे पांगलेली माणसं गोळा व्हायची, बसायची, सूर धरायची. मग नेता भाषणाला उभा राहायचा. म्हणजे नेत्याला तयार गर्दी मिळायची. सभा गाजली की दुसऱ्या दिवशी बातमीत नाव यायचं ते नेत्याचं.

मराठी शाहिरीत मुस्लिम असणं ही नवी गोष्ट नव्हती. शाहीर हा शब्दच मुळात शायर या शब्दाचं मराठी रूप. पेशवाईच्या काळातले सगनभाऊ हे मुस्लिम शाहीर होते आणि त्यांच्या लावण्या-पोवाड्यांनी मराठी फड गाजवले होते. अमर शेख त्याच ओळीत बसतात. फरक एवढाच की त्यांचा फड दरबाराऐवजी गिरणीच्या गेटवर लागला.

बंदी आली आणि तमाशाचं लोकनाट्य झालं

स्वातंत्र्य मिळालं, पण लाल बावटाचे दिवस सोपे झाले नाहीत. १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने नव्या सरकारविरुद्ध लढ्याची भूमिका घेतली आणि सरकारने पक्षावर कारवाई सुरू केली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचं सरकार होतं आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. कार्यकर्त्यांची धरपकड झाली, लाल बावटाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. त्याच सुमारास तमाशावरही अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली होती.

त्यातून वाट काढताना तमाशा हा शब्द मागे पडला आणि लोकनाट्य हा शब्द रुळला. आज मराठीत आपण सहज वापरतो त्या शब्दामागे ही सगळी भानगड आहे.

याच काळात मराठवाडा वेगळ्याच आगीतून जात होता. निजामाच्या राज्यात रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. मुदखेडच्या पुढचं रेल्वे स्टेशन असलेल्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घातला तो जानेवारी १९४८ मध्ये. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. बार्शीसारखी सरहद्दीवरची गावं या लढ्याची ठाणी बनली होती. आणि मुंबईत बसून अण्णाभाऊ तेलंगणाच्या लढ्यावर पोवाडा लिहीत होते. मराठवाडा आणि तेलंगणा तेव्हा एकाच निजामाखाली होते, त्यामुळे तो पोवाडा इकडच्या माणसालाही परका नव्हता.

बंदीच्या काळातही अमर शेख यांचं लिहिणं थांबलं नाही. १९५१ मध्ये त्यांचा 'अमरगीत' हा गीतसंग्रह आला. 'पहिला बळी' हे नाटकही त्याच वर्षातलं. म्हणजे ते फक्त दुसऱ्याचं गाणारे नव्हते. पुढे 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे कवितासंग्रह आले. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकं त्यांनी चालवली. एक नाव मराठी, एक हिंदुस्थानी. बार्शीच्या बाजारात कान तयार झालेल्या माणसाला दोन्ही भाषा आपल्याच होत्या.

संयुक्त महाराष्ट्र: आवाजाची खरी परीक्षा

१० ऑक्टोबर १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आयोगाने सांगितलं, विदर्भाचं वेगळं राज्य करा आणि मुंबई, गुजरात, मराठवाडा मिळून एक द्विभाषिक राज्य करा. मराठी माणूस पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ जणांचा जीव गेला. पूर्ण लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा पुढे १०६ वर गेला.

फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष तिच्यात होते. व्यासपीठावर एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार. आणि त्यांच्याआधी डफ घेऊन उभे राहणारे शाहीर.

अत्रे लेखणीने आणि भाषणाने मारायचे. अण्णाभाऊ 'मुंबई कुणाची'सारखी लोकनाट्यं देत होते. अमर शेख गात गावोगाव फिरत होते. या काळातली सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड. छक्कड हा लावणीच्या जवळचा, ठसक्यात म्हणायचा प्रकार. अमर शेख यांच्या आवाजाने ती मैदानं गाजवत गेली.

तिची गोष्ट साधी आहे. एक माणूस बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला येतो. सुरुवातीला वाटतं हे विरहाचं गाणं आहे. ऐकता ऐकता कळतं की गावी राहिलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा हा मराठी मुलूख आहे, जो महाराष्ट्रापासून तुटला. एका गिरणी कामगाराच्या घरातलं दुःख घेऊन अण्णाभाऊंनी अख्ख्या सीमाप्रश्नाचं गाणं केलं.

मुदखेडच्या माणसाला हे समजायला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. मुदखेडहून निजामाबादच्या गाडीत बसलं की उमरी जातं, धर्माबाद जातं आणि मग बासर येतं. सरस्वतीचं ते बासर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आणि देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग आंध्र प्रदेशात गेले. आदिलाबादमधला किनवट तालुका इकडे आला. कागदावर ही रेघ होती. गावांमध्ये मात्र सोयरिकी दोन राज्यांत वाटल्या गेल्या. एका स्टेशनाच्या अंतरावर राज्य बदलतं म्हणजे काय, हे नांदेडकरांनी अनुभवलं आहे. शिवाय पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी मैना मराठवाड्यात आजही घरोघर आहे.

१९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला जोरदार धक्का दिला. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. म्हणजे शाहिरांना विजय मिळाला, पण गाणं संपलं नाही.

गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेख गायले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीजांकडून सुटला.

घर, सिनेमा आणि १९६२

व्यासपीठावरून खाली उतरल्यावर हा माणूस कसा जगत होता?

१९४७ च्या सुमारास त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी लग्न केलं. लग्नानंतर त्या ज्योती झाल्या. देश फाळणीत धर्माच्या नावावर कापला जात असताना एक मुस्लिम शाहीर आणि एक हिंदू तरुणी चळवळीतून एकत्र येऊन संसार थाटतात, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. त्यांना दोन मुली झाल्या, प्रेरणा आणि मलिका. प्रेरणा यांचं लग्न लेखक अनिल बर्वे यांच्याशी झालं. मलिका कवयित्री झाल्या, त्यांचं लग्न नामदेव ढसाळ यांच्याशी झालं आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या त्यांच्या आत्मचरित्राने मराठी वाचकांना हलवून सोडलं. लग्नानंतरही त्यांनी नावापुढे वडिलांचंच नाव ठेवलं.

सिनेमाने अमर शेख यांना परत बोलावलं. अत्र्यांच्या १९५४ च्या 'महात्मा फुले'मध्ये ते दिसले. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. १९६१ मध्ये 'प्रपंच' आला. कथा गदिमांची, गरीब कुंभाराच्या मोठ्या खटल्याची. त्यात सुलोचनाबाईंसोबत अमर शेख प्रमुख भूमिकेत होते. गंमत बघा. आज 'प्रपंच' आठवतो तो 'विठ्ठला तू वेडा कुंभार' या गाण्यामुळे, आणि ते गाणं सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. महाराष्ट्राचा एवढा मोठा गायक पडद्यावर आहे आणि लोकांच्या कानात राहिलेला आवाज दुसऱ्याचा आहे.

१९६२ मध्ये चीनने हल्ला केला. कम्युनिस्टांसाठी हा अवघड काळ होता. पक्षात चीनच्या प्रश्नावरून तट पडले, अनेक नेते तुरुंगात गेले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. अमर शेख यांनी मात्र डफ उचलला आणि संरक्षण निधीसाठी गावोगाव कार्यक्रम केले. पक्ष काय भूमिका घेतो याची वाट त्यांनी पाहिली नाही. ज्या माणसाला मुस्लिम आणि कम्युनिस्ट अशा दोन्ही कारणांनी संशयाने बघणं सोपं होतं, तो देशासाठी झोळी घेऊन फिरत होता.

अत्र्यांनी त्यांची तुलना मायकोव्हस्कीशी केली होती. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी, भर सभेत कविता गरजून म्हणणारा. तुलना मोठी होती. पण मराठी साहित्याच्या मांडवात शाहिराला कवीच्या बरोबरीची खुर्ची तेव्हा सहज मिळत नव्हती. गाणारा लोकप्रिय असतो म्हणून तो कमी कवी असतो, असा एक समज होता. तो आजही पूर्ण गेलेला नाही.

१९६९ आणि त्यानंतर

१९६९ चा तो पावसाळा. आधी अत्रे, मग ३५ दिवसांनी अण्णाभाऊ. अण्णाभाऊ ४८ वर्षांचे होते, हलाखीत गेले. त्यांच्यानंतर ४२ दिवसांनी अमर शेख. इंदापूर पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे, बार्शीकडे जाणाराही तोच रस्ता. वय ५२. धाकटी मलिका तेव्हा १२ वर्षांची होती.

लाल बावटाचे दोन मोठे आवाज दीड महिन्यात गेले. पण दोघांच्या मरणानंतरची गोष्ट वेगवेगळी आहे.

अण्णाभाऊंचं लिहिलेलं छापलेलं होतं. 'फकिरा' वाचता येत होती, तिच्यावर सिनेमा झाला, अभ्यासक्रमात धडे आले. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. शिवाय अण्णाभाऊंना सांभाळणारा समाज होता. ज्या मातंग समाजात ते जन्मले त्याने त्यांना आपला नायक मानलं, पुतळे उभारले, जयंत्या केल्या. ज्या काळात मोठ्या संस्थांनी अण्णाभाऊंकडे पाठ फिरवली होती, त्या काळात वस्त्यांनी त्यांना जिवंत ठेवलं.

अमर शेख यांना असं सांभाळणारं कोण होतं? त्यांचा समाज म्हणजे गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि त्या जागी मॉल आणि टॉवर आले. त्यांचा पक्ष महाराष्ट्रात आक्रसत गेला. ते मुस्लिम होते, पण धर्माच्या नावाने त्यांनी कधी फड लावला नाही, त्यामुळे तिकडूनही मिरवणूक निघाली नाही. जातीच्या, धर्माच्या आणि पक्षाच्या पलीकडे उभं राहणं जिवंतपणी त्यांची ताकद होती. मेल्यावर मात्र त्याच कारणाने त्यांच्या नावाचा झेंडा धरायला कुणी उरलं नाही.

आणि शेवटचं कारण सगळ्यात साधं आहे. आवाज छापता येत नाही. मोकळ्या मैदानात गायलेलं गाणं त्या रात्रीच विरून जातं. लाल बावटाचा काळ घरोघरी टेपरेकॉर्डर येण्याच्या आधीचा. पोवाड्याचे शब्द पुस्तकात सापडतात. तो कुठल्या पट्टीत लावला, कुठे थांबला, कुठे डफ थांबवून नुसत्या आवाजावर ओढला, हे पुस्तकात सापडत नाही. ज्यांनी ते ऐकलं ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आज शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. तिथे शाहिरीचा अभ्यास होतो, ही मोठीच गोष्ट. पण अभ्यास आणि आठवण यात फरक असतो. अण्णाभाऊंच्या जयंतीला डीजेवर वाजणाऱ्या मैनेच्या गाण्यात एक दुसरा माणूसही आहे, हे वाजवणाऱ्यालाही माहिती नसतं.

मराठवाड्यात आजही गाणाऱ्या टोळ्या आहेत. भीमगीतांच्या पार्ट्या आहेत, भजनी मंडळं आहेत, वाघ्या-मुरळी आहेत, शाहिरांचे फड आहेत. त्यांचे कार्यक्रम आता मोबाईलवर रेकॉर्ड होतात आणि रात्री उशिरा यूट्यूबवर चढतात. व्हिडिओखाली गाण्याचं नाव असतं, कधी लिहिणाऱ्याचं नाव असतं. मागे ढोलकी वाजवणाऱ्याचं आणि कोरस धरणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतं. अमर शेख यांच्या काळात आवाज जपण्याची सोय नव्हती. आता सोय आहे. पुढच्या वेळी गावातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकाल तेव्हा त्याखाली गाणाऱ्यांची नावंही लिहा. मेहबूबचा अमर शेख झाला तेव्हा त्याच्याकडे फक्त आवाज होता, आणि नेमका तोच आपल्याला सांभाळता आला नाही.